कुमिंगाला केरने घडवलं की नुसतं बसवून ठेवलं?

बाकावरचा | ३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मुख्य धाग्यावर हा विषय निघाला की बाकीची चर्चा गाडली जाते, म्हणून वेगळा धागा काढतोय. ॲडमिन, चालत नसेल तर उडवा.

उन्हाळाभर ताटकळत ठेवून अखेर ३० सप्टेंबरला जोनाथन कुमिंगाचा गोल्डन स्टेट वॉरियर्सशी, म्हणजे कोच स्टीव्ह केरच्या संघाशी, करार ठरला. दोन वर्षं, साधारण ४८ दशलक्ष डॉलर, आणि दुसरं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. थोडक्यात, पाहुण्याला आत घेतलं पण बॅग दारातच ठेवायला सांगितली.

पोरगा काँगोतल्या गोमाचा. २०२१च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सातवा, तेव्हा वय अठरा. येत्या सोमवारी तेवीस पूर्ण करतोय. चार मोसम झाले तरी पुढच्या सामन्यात तो तीस मिनिटं खेळेल की शून्य, हे त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. १३ एप्रिलला क्लिपर्सविरुद्ध लीगचा शेवटचा सामना, तब्येत ठणठणीत, तरी एक मिनिट नाही. दोन दिवसांनी मेम्फिसविरुद्ध प्ले-इन (बाद फेरीत जायची पात्रता लढत), तिथेही नाही. मग बाद फेरीत, ६ मेला मिनेसोटात, संघाचा हुकमी एक्का स्टेफ करीची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली आणि त्याच पोराला म्हणाले, आता तू बघ. त्याने बघितलं! तिसऱ्या सामन्यात ३० गुण, शेवटच्या चार सामन्यांत सरासरी २४. मालिका ४-१ ने गेली ती गेलीच, पण त्यात या पोराची चूक काढून दाखवा.

माझं म्हणणं सरळ आहे. केर मोठा कोच, चार विजेतेपदं, त्याबद्दल दुमत नाही. पण तरुण खेळाडू वाढवणं त्याला जमत नाही. वाइझमन गेला, कुमिंगा वैतागला, मूडी बिचारा काही बोलत नाही म्हणून टिकला. तुम्हाला काय वाटतं?

घंटानाद | ३ ऑक्टोबर, रात्री १०.५२

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फ्रेमॉन्टकर आले की धुरळा.

फ्रेमॉन्टकर | ३ ऑक्टोबर, रात्री ११.३५

आलोच, मीटिंगमध्ये होतो.

बाकावरचे, तळमळ कळते, पण त्या ३० गुणांवर अख्खा खटला उभा करू नका. करी नसताना चेंडू हातात घेऊन स्वतःपुरती वाट काढणं कुमिंगाला पहिल्या दिवसापासून येतं. करी कोर्टवर असताना तो काय करतो, हा प्रश्न आहे.

मी चेस सेंटरला (वॉरियर्सचं स्टेडियम) जातो तेव्हा वरच्या मजल्यावर बसतो (खालच्या जागांचे भाव विचारू नका). टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, वरून दहाही जण दिसतात. एक नेहमीचा प्रसंग सांगतो. ड्रेमंड (ग्रीन, संघाचा जुना फॉरवर्ड) वर चेंडू घेऊन उभा. करी त्याला पास देऊन थांबत नाही, बेसलाइनकडे पळत सुटतो आणि दोघांच्या आडून वळसा घालून डाव्या कोपऱ्याकडे निघतो. एवढ्यात चेंडू फिरून डाव्या बाजूलाच उभ्या कुमिंगाकडे येतो. आता त्याच्याकडे अर्धा सेकंद आहे. मारायचा तर मार, घुसायचं तर घूस, नाहीतर करीकडे दे. हा चेंडू कमरेजवळ ओढून धरतो, उजवा पाय पुढे टाकतो, मागे घेतो, परत टाकतो. समोरचा एक पाऊल मागे सरकतोही, कारण पोराची पहिली झेप भयंकर आहे. पण तोवर कोपऱ्यात करी हात वर करून मोकळा उभा राहून गेलेला असतो आणि त्याचा पहारेकरी परत त्याच्या अंगाला चिकटलेला असतो. मग कुमिंगा घुसतो, दोन गुण होतात किंवा फाउल मिळतो. स्कोअरशीटवर छान दिसतं. जगातला सगळ्यात मोठा नेमबाज मात्र त्या चालीत फुकट पळाला.

केरची पद्धत या पळण्यावर उभी आहे. त्यात रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू झेलणं) बघा. सव्वासहा फुटांच्या वर उंची, उडी बघून छातीत धस्स व्हावं अशी, आणि एकाही मोसमात सामन्यामागे पाच रिबाउंड भरत नाहीत. तिथे कोणती चाल शिकावी लागते हो? नुसतं जाऊन भिडायचं असतं.

धंतोली एक्सप्रेस | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

फ्रेमॉन्टकर भाऊ, वर्णन जबरदस्त. चाल डोळ्यासमोर आली. पण हे सगळं त्या पोराला शिकवायचं काम कोणाचं होतं? अठरा वर्षांचा आला तो. कॉलेज नाही, जी लीग इग्नाइटमधले (खालच्या लीगमधला तरुण पोरांचा संघ) थोडेसे सामने, बस. त्याला अर्ध्या सेकंदात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत म्हणता अन् एक हुकली का बसवता. मंग काहून दिसंल?

आमच्या नागपुरात गल्लीतल्या कोर्टवर सीनियर पोरं चेंडू सुटला का आईबहीण काढत होती. पण बाहेर नाही काढलं कधी, कारण मला बाहेर काढलं तर पाच जण होत नव्हते. त्याच्यातच शिकलो. चुकीवर बसवलेलं पोरगं पुढच्या वेळी चेंडूकडे नाही पाहत, कोचकडे पाहते. कुमिंगाचं तेच होऊन राहिलं. शॉट सोडला का पहिली नजर बाकाकडे. क्लिप लावून पाहा कोणतीही.

आकडेमोड | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

केरच्या डोक्यावर सगळं फोडण्याआधी २०२० आणि २०२१ मध्ये वर काय ठरलं ते बघा.

२०१९-२० मध्ये क्ले थॉम्पसन (करीचा जुना जोडीदार) जायबंदी, करीचा हात मोडला, संघ १५-५० (पंधरा विजय, पन्नास हार). त्यातून ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर मिळाला आणि घेतला वाइझमन, ज्याच्या गाठीला कॉलेजचे मोजून तीन सामने. त्याच्यामागे तिसरा लामेलो बॉल, बारावा हॅलिबर्टन. पुढच्या वर्षी सातवा कुमिंगा (ही निवड विगिन्सच्या व्यवहारात मिनेसोटाकडून आलेली) आणि चौदावा मूडी. कुमिंगाच्या लगेच मागे फ्रान्झ वॅग्नर, मूडीच्या मागे सोळावा शेनगुन, सतरावा ट्रे मर्फी. मागाहून सगळेच शहाणे असतात, ते सोडा. पण करी, क्ले, ड्रेमंड तिघेही तिशीत असताना सगळ्यात कच्चे, सगळ्यात लांबच्या पल्ल्याचे खेळाडू घ्यायचे हा निर्णय कोचचा नसतो. म्हाताऱ्यांबरोबर आत्ता जिंकायचं आणि त्याच वेळी उद्याचा संघही तयार करायचा. ‘टू टाइमलाइन्स’ म्हणून त्याची जाहिरातही झाली. २०२२ मध्ये बोस्टनला हरवून कप आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. त्या कपात कुमिंगाचा वाटा किती, हे कोणी विचारलं नाही.

हा प्रयोग नवा नाही. २००३ मध्ये डेट्रॉइटकडे चांगला तयार संघ होता आणि वर दुसरी निवड फुकटात हाती आली. त्यांनी अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला. मागे तिसरा कार्मेलो, चौथा बॉश, पाचवा वेड. कोच लॅरी ब्राउनने डार्कोला पहिल्या मोसमात सामन्यामागे पाच मिनिटंही दिली नाहीत आणि संघाने कप जिंकला. सांगा, ब्राउन चुकला का? डार्कोचं मात्र पुढे काहीच झालं नाही.

आता पैशाची बाजू. पहिल्या फेरीतल्या निवडीचा करार चार वर्षांचा असतो, पैकी शेवटची दोन संघाच्या मर्जीवर. ती संपली की रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्याने बोली लावली तरी जुना संघ तेवढेच पैसे टाकून ठेवून घेऊ शकतो. बोली लागते मिनिटांवर आणि गुणांवर. बाकावर बसून शिकलेलं शहाणपण कोणी विकत घेत नाही. म्हणून कुमिंगाची कुरकुर मला हावरटपणाची वाटत नाही. त्याच्या वयाची पोरं दुसऱ्या संघात तीच चार वर्षं चुका करत खेळली आणि पाच वर्षांचे करार घेऊन बसली.

चकली | ४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

मला या खेळातलं फार कळत नाही, मुलगा बघतो म्हणून बघते. एक बाळबोध शंका. क्रिकेटमध्ये जसं रणजी खेळून येतात तसं यांचं खाली काही नसतं का? बाकावर बसवण्यापेक्षा तिकडे खेळवायचं ना.

बाकावरचा | ४ ऑक्टोबर, दुपारी २.०२

चकलीताई, शंका अजिबात बाळबोध नाही. जी लीग आहे. वॉरियर्सचा संघ सांताक्रूझमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने दीड-दोन तास. आपलं मुंबईचं सांताक्रूझ नव्हे :)

याचं उत्तम उदाहरण वॉरियर्सचाच जॉर्डन पूल. २०१९ चा अठ्ठाविसावा. त्या १५-५० वाल्या मोसमात संघात कोणी उरलंच नव्हतं म्हणून याला रोज वीस-बावीस मिनिटं मिळाली. नेम ३३ टक्के. भयाण! लोक त्याला लीगमधला सगळ्यात वाईट खेळाडू म्हणत होते. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत जी लीग ओरलँडोला एकाच ठिकाणी भरली होती, तिथे पाठवला. खेळला, परत आला आणि तिथून सुसाट. २०२१-२२ मध्ये साडेअठरा सरासरी आणि कपात सिंहाचा वाटा.

म्हणजे पूल झाला कसा? आधी हरणाऱ्या संघात मनसोक्त चुका, मग खाली जाऊन चेंडू सतत हातात. कुमिंगाला या दोन्हीतलं काहीच धड मिळालं नाही. खाली फारसा पाठवला नाही, कारण वर कधीही गरज पडेल. वर खेळवला नाही, कारण आज जिंकायचंय.

घंटानाद | ४ ऑक्टोबर, दुपारी २.१०

पूलने ड्रेमंडचा ठोसाही खाल्ला, तोही अभ्यासक्रमात धरायचा का? (पळा आता)

फ्रेमॉन्टकर | ४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

घंटानाद, दिवे घेतले.

पूलचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. तो २०१९-२० चा मोसम परत आणायचा कुठून? करी सदतीसचा, बटलर छत्तीस, ड्रेमंड पस्तीस, आता एकोणचाळीसचा हॉर्फर्ड येतोय. हा संघ नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारीसुद्धा सामना सोडू शकत नाही. पश्चिमेत दोन सामन्यांचा फरक म्हणजे थेट प्रवेश की प्ले-इन. गेल्या एप्रिलमध्ये हेच झालं.

आणि केर तरुणांना खेळवतच नाही म्हणता? पोडझिएम्स्की एकोणिसावा, पहिल्याच वर्षी ऑल-रूकी (मोसमातल्या सर्वोत्तम नवख्यांच्या) पहिल्या संघात. ट्रेस जॅक्सन-डेव्हिस सत्तावन्नावा, म्हणजे ड्राफ्ट संपता संपता उचललेला. दोघांना लगेच मिनिटं मिळाली. पहिला अंगावर धक्के घेऊन चार्ज (समोरच्या हल्लेखोराचा फाउल) काढतो, रिबाउंडला गार्ड असून घुसतो. दुसरा स्क्रीन लावतो (पहारेकऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहतो), रिंगजवळ उडी मारतो, बाकी काही करायला जात नाही. केर वय बघत नाही, तो काम बघतो.

आणखी एक. केर स्वतः जन्मभर बाकावरून खेळला आणि पाच कप जिंकला. २००३ ची डॅलसविरुद्धची मालिका आठवा. दिवसेंदिवस बसून होता, सहाव्या सामन्यात उतरवला आणि चार थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारून सामना फिरवला. ‘तयार राहा, वेळ येईल’ हे तो जगलेला माणूस आहे.

धंतोली एक्सप्रेस | ४ ऑक्टोबर, रात्री ११.००

भाऊ, त्या सामन्यात केर सदतीस वर्षांचा होता! त्याला काय शिकायचं उरलं होतं? थ्री कशी मारायची ते? सदतीस वर्षांच्या माणसाला बसून राहणं जमते, कारण त्याला माहीत आहे आपण कोण आहो. अठरा वर्षांच्या पोराला ते खेळूनच कळते. हाच तर घोळ आहे केरचा. स्वतःचं म्हातारपण तो पोरांना औषध म्हणून देऊन राहिला.

पोडझिएम्स्की अन् ट्रेस कॉलेजातून शिकून आलेले आहेत. ट्रेस तर इंडियानात चार वर्षं होता. दुसऱ्याने घडवलेली पोरं वापरणं म्हणजे घडवणं नाही होत.

आकडेमोड | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

धंतोली, हा मुद्दा बिनतोड. +१

मास्तरीणबाई | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

मी पुण्यात चौदा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. प्रत्येक सामन्यानंतर कोणी ना कोणी पालक गाडीपाशी गाठतात आणि पहिला प्रश्न मिनिटांचाच. ‘मॅडम, आमचीला किती वेळ दिला?’ बहुतेकांनी मोबाइलवर मोजलेलं असतं, तरी विचारतात.

माझा अनुभव असा की मुलीला सहा मिनिटं मिळाली की सोळा, याने फार बिघडत नाही. आपण कधी उतरणार, हे तिला सामन्याआधी माहीत हवं. आणि पहिल्या चुकीला आपल्याला बाहेर बोलावणार नाहीत, याची खात्री हवी. या दोन गोष्टी नसतील तर सोळा मिनिटंसुद्धा वाया. गेल्या मोसमात माझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती. पळायला वारा, पण चेंडू वर आणताना मान खाली. तिला सांगून टाकलं, दुसरा क्वार्टर तुझा, चेंडू तूच वर आणायचास, गेला तरी तूच. गेला की! प्रेस (चेंडू वर आणतानाच घेरणं) लागल्यावर हाफलाइन ओलांडायच्या आधीच दोनदा गेला, समोरच्यांचे सरळ ले-अप. पायऱ्यांवर बसलेले तिचे बाबा उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही आणि तिच्याकडेही नाही, वहीत काहीतरी लिहीत बसले. तिसऱ्यांदा तिने मान वर केली, मधे उभ्या मुलीला दिसताक्षणी पास दिला आणि प्रेस फुटला. तो सामना आम्ही हरलो.

आता लगेच म्हणू नका की एनबीए आणि शाळा यांत फरक आहे. आहेच. केरला हरून चालत नाही, मला चालतं. पण ‘तुझी मिनिटं कोणती’ हे सांगायला सामना हरावा लागत नाही. कुमिंगाचा खेळ मी जेवढा बघितलाय त्यात मला हेच खटकतं. जानेवारी २०२४ मध्ये डेन्व्हरविरुद्ध तो चांगला खेळत असताना शेवटी बसवून ठेवला, डेन्व्हरच्या योकिचने मधल्या रेषेजवळून शॉट मारून सामना नेला. दुसऱ्या दिवशी ‘द ॲथलेटिक’मध्ये बातमी की पोराचा केरवरचा विश्वास उडाला. मग बोलणं झालं, जागा ठरली आणि त्या मोसमात त्याने सोळाची सरासरी काढली. त्याला तेव्हा जास्त मिनिटं मिळाली हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ठरलेली होती. पुढच्या वर्षी जानेवारीत घोटा मुरगळला, तो बाहेर असताना फेब्रुवारीत बटलर आला आणि पोरगा परतला तोवर घरातली माणसं बदललेली.

अवांतर: सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईचे, पूर्वी आपल्या मुलीच्या संघाचे कोच होते. रेडवुड सिटीत. बारा वर्षांच्या मुली, धड नेम नाही, म्हणून त्यांनी सबंध सामनाभर पूर्ण कोर्टवर प्रेस लावायला शिकवलं. समोरच्या मुलींना चेंडू आतच आणता येईना, संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. सगळे या गोष्टीचं कौतुक करतात. मला कोच म्हणून ती पटत नाही. त्या वयात नेम शिकायचा असतो, समोरच्या पोरींची भंबेरी उडवायला नंतर आयुष्य पडलंय.

चकली | ५ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

मास्तरीणबाई, दंडवत. मुलाला वाचायला दिलं. तो म्हणतो, आमच्या सरांना पाठव. नाही पाठवणार :)

वरळीचा वाघ | ५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

रणदिव्यांचं नाव निघालं आणि मी आलो नाही असं होणार नाही. ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, किंग्ज विरुद्ध पेसर्स. भारतात एनबीए पहिल्यांदाच. मी दुसऱ्या दिवशी होतो. आदल्या दिवशी पोरांनी भरलेल्या स्टेडियममध्ये जादा वेळेत १३२-१३१ झाला होता, आमच्या नशिबी एकतर्फी आला. पण मार्विन बॅगलीला वॉर्मअपमध्ये डंक मारताना जवळून बघितलं. काय शरीर, काय उडी! म्हटलं, रणदिव्यांनी हिरा पकडला.

बाकावरचे, तुमच्या ‘मिनिटं द्या, पोरगं वाढेल’ या सिद्धांताला बॅगलीचं औषध घ्या. २०१८ मध्ये दुसरा, डॉन्चिचला सोडून घेतलेला. त्याला पहिल्या वर्षी सामन्यामागे पंचवीस मिनिटं मिळाली. संघ पडका, जागा मोकळी, मालक प्रेमात. तरी नाही झालं. दुखापती झाल्या, कोच बदलले, बचावात रोज उघडा पडू लागला. वडिलांनी ट्विटरवर जाहीर मागणी केली की पोराला दुसरीकडे द्या. २०२२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला गेला. आणि याच किंग्जनी हॅलिबर्टनला मिनिटं देऊन फुलवला आणि त्याच महिन्यात पेसर्सना देऊन साबोनिस घेतला, जो वरळीत पेसर्सच्याच बाजूने आला होता. हॅलिबर्टन या जूनमध्ये अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला.

सॅक्रामेंटोत वाढवूनही हाती काय आलं, एवढंच विचारतो.

धंतोली एक्सप्रेस | ५ ऑक्टोबर, रात्री १०.२०

वाघ शेठ, तो फायनल जिंकला कोणी ते पण सांगा ना. ओक्लाहोमा. २२-५०, मंग २४-५८. दोन वर्षं गुपचूप हरले. शे, डॉर्ट, पोरं खेळवत बसले. डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नव्हतं. ॲरन विगिन्स पंचावन्नावा. मंग जेलेन विल्यम्स अन् होल्मग्रेन आले. ४०, ५७, अन् मागच्या मोसमात ६८ विजय. त्यांच्याकडे बाकावरचा आठवा-नववा पोरगा फायनलमध्ये उतरते तेव्हा घाबरत नाही, कारण तो दोन वर्षं चुका करून आलेला असते.

फ्रेमॉन्टकर | ५ ऑक्टोबर, रात्री ११.५०

आणि त्या दोन वर्षांत ओक्लाहोमाच्या लोकांनी काय बघितलं? हार. त्यांच्याकडे करी नव्हता म्हणून परवडलं. माझ्या मुलीने बास्केटबॉल बघायला सुरुवात केली ती करीमुळे. त्याची उरलेली वर्षं कोणाच्या शिकवणीसाठी खर्च करायला मी तयार नाही. स्वार्थी म्हणा हवं तर.

घंटानाद | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.००

जरा गंभीर होतो. करी असताना दुसऱ्याची पाळी येत नाही, हे आपल्या लोकांना समजवायला अमेरिकेत जायला नको. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी शून्य, कारण समोर बेदी. शिवलकर कच्चे होते म्हणून बसले का? जागा एकच होती आणि ती भरलेली होती. फरक इतकाच की शिवलकरांना मुंबई सोडून गेल्याने बेदी चुकणार नव्हता. कुमिंगाला संघ बदलता येतो.

बाकावरचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

घंटानाद, हा प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

आणि संघ बदलून फुललेला माणूस पाहिजे तर जर्मेन ओनील. १९९६ मध्ये शाळेतून थेट पोर्टलंडला, सतरावा. चार वर्षं मोठ्या मोठ्या फॉरवर्डांच्या मागे बसला. २००० मध्ये डेल डेव्हिसच्या बदल्यात इंडियानाला दिला. पहिल्याच मोसमात चार गुणांवरून जवळपास तेरा, मग सहा वेळा ऑल-स्टार. पोर्टलंडच्या कोचला तो रोज सरावात दिसत होता ना? तरी दिसला नाही.

दुसरं वर्ष संघाच्या हातात ठेवलेला करार हा मला व्यवहारात टाकायला सोपा म्हणूनच केलेला दिसतो. फेब्रुवारीपर्यंत कुमिंगा कुठेतरी गेलेला असेल, लिहून ठेवा. आणि आज त्याचा वाढदिवस आहे, निदान आज तरी कोणी रिबाउंड काढू नका.

आकडेमोड | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

करारावरून तेच दिसतं. त्याच ड्राफ्टमधल्या मूडीने गेल्या ऑक्टोबरात, मोसम सुरू व्हायच्या आधीच, तीन वर्षांचे ३९ दशलक्ष मुकाट घेतले. तेव्हा लोक म्हणाले, स्वस्तात गेला. आता त्याची जागा पक्की, कोपऱ्यात उभं राहून थ्री आणि समोरच्याच्या चांगल्या गार्डला धरायचं, आणि डोक्याला ताप नाही. कुमिंगाची महत्त्वाकांक्षा मोठी आहे, आणि ती चूक आहे असं मला म्हणवत नाही.

चकली | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

बरं, सगळ्यांना एकच विचारते. केरच्या जागी तुम्ही असता तर २२ तारखेला काय केलं असतं? लेकर्सविरुद्धचा पहिला सामना आपल्याकडे पाडव्याच्या सकाळी साडेसातला आहे. मुलगा म्हणतो, अभ्यंगस्नान नंतर.

मास्तरीणबाई | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

करी बहुतेक वेळा पहिला क्वार्टर खेळून दुसऱ्याच्या सुरुवातीला बसतो. ती पाच-सहा मिनिटं कुमिंगाची, हे आजच त्याला सांगायचं. चेंडू त्याच्या हातात, आजूबाजूला हील्ड, मूडी, हॉर्फर्ड असे बाहेरून मारणारे. तेवढ्या वेळात त्याने पाय कितीही वेळा पुढे-मागे करावा. करी परतला की मात्र अर्ध्या सेकंदाचा नियम, आणि तेव्हा चुकला तर खुशाल बसवा. पन्नास सामने हेच ठेवायचं, एका वाईट रात्रीवरून बदलायचं नाही.

फ्रेमॉन्टकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

कागदावर सुंदर. पण करी बसतो तेव्हा चेंडू बटलरच्या हातात लागतो, तो आणलाच त्यासाठी. बटलर, कुमिंगा आणि ड्रेमंड एकत्र असले की बाहेरून कोणीच मारत नाही. कुमिंगाचा थ्री गेल्या मोसमात जेमतेम तीस टक्के. समोरचा संघ सरळ रिंगपाशी तंबू ठोकून बसतो.

मास्तरीणबाई | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

म्हणून त्या वेळात बटलरही बसेल. हॉर्फर्ड आणलाय ना?

फ्रेमॉन्टकर | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४८

करी आणि बटलर दोघेही बाकावर, समोर लेकर्सचा डॉन्चिच? मास्तरीणबाई, ती सहा मिनिटं मी उशी तोंडावर घेऊन बघीन.

धंतोली एक्सप्रेस | ६ ऑक्टोबर, रात्री ११.०२

बघा ना बावा. पण बदलू नका.